डाव्या हाताच्या रेघा

“जाताना भार दे, येताना सोड. कानस जाताना खाते आणि येताना उपाशी येते. येतानाही दाबलीस तर तिचे दात जातील आणि तुझ्या हाती काही लागणार नाही.”

मगदूम सरांचा हा आवाज पहिल्यांदा माझ्या मागून आला तेव्हा मी अठरा वर्षांची होते. हातात बारा इंची कानस होती आणि समोरच्या व्हाइसमध्ये लोखंडाचा एक चौकोनी तुकडा आवळून धरलेला होता. शेडमध्ये चोवीस व्हाइस. चोवीस कानशी एकदम चालू झाल्या की कानात वाळू भरल्यासारखं व्हायचं. तेवीस पोरं आणि मी. आमच्या तालुक्याच्या आयटीआयत फिटरला त्याआधी मुलगी बसली नव्हती. प्राचार्यांनी माझा अर्ज दोनदा परत दिला होता, शिवणकामाला जागा आहे तिकडे जा म्हणून. तिसऱ्यांदा मगदूम सर स्वतः तो अर्ज घेऊन आत गेले आणि अर्ध्या तासानं बाहेर आले. मला एवढंच म्हणाले, की उद्या केस घट्ट बांधून ये आणि बांगड्या काढून ये. सगळ्यात शेवटी आले म्हणून माझा नंबर चोवीस.

पहिले तीन महिने आम्ही काहीच बनवलं नाही. फक्त घासलं. खडबडीत तुकडा सपाट करायचा, काटकोन तपासायच्या गुण्याची पोलादी पट्टी त्यावर उभी धरायची आणि तो खिडकीकडे न्यायचा. पट्टी आणि लोखंडाच्या मधून उजेडाचा केसभर धागा जरी दिसला तरी पुन्हा घासायचं. माझ्या तुकड्याला मध्ये नेहमी फुगवटा यायचा. हात पुढे जाताना डुलायचा, कडा जास्त खाल्ल्या जायच्या.

“भाकरी थापायलीस काय गं?” शेजारच्या व्हाइसवरून आवाज यायचा. “मधी डोंगर झालाय बघ. एवढा उचलून शेताच्या बांधाला ठेव.”

हा दस्तगीर शिकलगार, नंबर आठ. त्याचा बाप सायकलवर धारेचं चाक बसवून बाजाराबाजारांत विळ्या-कोयत्यांना धार लावायचा. ठिणग्या खाऊन खाऊन बापाचा एक डोळा गेला होता आणि दुसरा चालला होता. दस्तगीर डावखुरा होता. बाकी सगळी रांग उजवीकडे कललेली असायची, हा एकटा डावीकडे. तो माझ्या उजव्या बाजूला, त्यामुळे आम्ही दोघं दिवसभर आरशातल्यासारखे समोरासमोर. माझा डावा पाय पुढे, त्याचा उजवा. माझ्या कानशीच्या रेघा लोखंडावर एका अंगाला कलायच्या, त्याच्या दुसऱ्या अंगाला. पोरं त्याला चिडवायची, की याचा जॉब उलटा धरला तरच सुलटा दिसतो. जॉब म्हणजे आमच्या बोलीत हातात असलेला तो तुकडा, ज्यावर सगळं आयुष्य टांगलेलं असतं तो.

त्याच्या हातात काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. तो घासायला लागला की लोखंडाचा आवाज बदलायचा. आमच्या कानशी रडायच्या, त्याची कानस जात्यावर बसलेल्या बाईसारखी आपल्या लयीत घुमायची. सर कधी त्याची स्तुती करायचे नाहीत. त्याच्या मागे जरा जास्त वेळ उभे राहायचे, एवढंच.

माझे कोपर कसे अंगाशी ठेवायचे, श्वास कधी सोडायचा, कानशीला खडू का फासायचा, हे मला त्यानं शिकवलं. शिकवताना चिडवायचा आणि चिडवता चिडवता शिकवायचा. मला भाऊ नव्हता. नागपंचमीच्या आदल्या दिवशी, भावाच्या उपवासाला, मी त्याच्या मनगटाला दोरा बांधला, तेव्हा तो लाजला आणि म्हणाला, की आमच्यात नसतंय हे. मग संध्याकाळपर्यंत त्यानं तो दोरा तेल लागू न देता जपला.

दोन वर्षं अशी गेली. मी वर्गात वाईट नव्हते. दस्तगीरनंतर माझाच नंबर लागेल असं पोरंही म्हणायची, थोडं हसून.

आता माझ्या गरजेचं सांगते. आई तंबाखूच्या वखारीत पाला चाळायची. आमच्या गल्लीतल्या सगळ्याच बाया तिथं. तोंडाला पदर बांधून दिवसभर त्या धुरळ्यात बसायच्या आणि ओव्या म्हणायच्या, कारण गाणं थांबलं की खोकला सुरू व्हायचा. माझ्या मावशीला त्या खोकल्यानं नेलं. आईला तो लागला होता. मुकादम दर महिन्याला विचारायचा, पोरगी कधी येणार. आई त्याला सांगायची, लोखंडाची परीक्षा होऊ दे. त्या परीक्षेनंतर शहरातली एक इंजिनं बनवणारी कंपनी आमच्या फिटरच्या बॅचमधून एकच उमेदवार शिकाऊ म्हणून नेणार होती. शेवटच्या जॉबवर ज्याचे गुण जास्त, तो. बाकीच्यांनी आपापली वाट बघायची. माझी वाट घरापासून दोनशे पावलांवर होती आणि तिच्या दाराला तंबाखूचा वास होता.

दस्तगीरलाही ती जागा हवी होती. त्यानं मला एकदाच सांगितलं, डबा खाताना. म्हणाला, की बापाचं चाक माझी वाट बघतंय आणि मला डोळे द्यायचे नाहीत. एवढं बोलून त्यानं माझ्या डब्यातलं लोणचं उचललं आणि विषय बदलला.

परीक्षेचा दिवस शनिवार होता. सकाळी नऊला प्रत्येकाला दोन-दोन कोरे तुकडे मिळाले. आधी त्यांच्या पाठीवर आपापला नंबर ठोकायचा, पोलादी पंचनं, दर आकड्याला हातोडीचा एकच घाव. मग एका तुकड्यात चौकोनी खाच पाडायची, दुसऱ्याला त्या खाचेत बसेल अशी जीभ काढायची. दोन्ही घासून अशी जुळवायची की अंगठ्यानं दाबल्यावर जीभ आत सरकावी, पण उलटी धरली तर पडू नये. खिडकीकडे धरली तर मधून उजेड येऊ नये. वेळ दुपारी चारपर्यंत.

पावणेचारपर्यंत माझं सगळं नीट चाललं होतं. जीभ अर्धी आत जात होती, पुढे अडत होती. खाचेच्या तळाला बारीकसं काहीतरी राहिलं होतं. मी चपटी कानस उचलली. अशा कानशीची एक कड बिनदाताची असते, कोपऱ्यात काम करताना शेजारची भिंत वाचावी म्हणून. ती गुळगुळीत कड भिंतीकडे ठेवायची, हे आम्ही पहिल्या आठवड्यात शिकलो होतो. मला समोरच्या घड्याळात मोठा काटा दिसत होता. मी कानस उचलली ती उलटी. दातांची कड भिंतीकडे. चार वेळा पुढे ढकलली. पाचव्या वेळेला आवाज वेगळा आला आणि मी थांबले.

खाचेची भिंत कोपऱ्यात खाल्ली गेली होती. नखभर. जीभ आत सरकली, सैल पडली आणि हातात हलायला लागली.

लोखंड कमी करता येतं, वाढवता येत नाही. मी तो जॉब पुसला, तेल लावलं आणि टेबलावर नेऊन ठेवला. सरांनी तो उचलला, उजेडाकडे धरला, खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

हत्यारांच्या खोलीमागे पाण्याची टाकी होती. मी तिथं तोंड धुवायच्या निमित्तानं गेले आणि बराच वेळ नळ चालू ठेवला. दस्तगीर तिथं आला. हातात झाडू होता. त्या आठवड्यात शेड झाडायची पाळी त्याची होती. त्यानं माझा जॉब टेबलावर पाहिला असणार. आमच्यात एक नजर पुरते.

“रडू नको,” तो म्हणाला. “काहीतरी हुईल.”

“काय होणार? तुझी जागा पक्की आहे.”

त्यानं झाडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “सोमवार यायचाय अजून,” म्हणाला आणि आत गेला. मी घरी निघाले तेव्हा शेडमधून त्याच्या झाडण्याचा आवाज येत होता आणि सर ऑफिसात बसलेले काचेतून दिसत होते.

रविवारी मी आईला काही सांगितलं नाही. आईनं माझा निळा कोट धुऊन वाळत टाकला.

सोमवारी बाहेरचे परीक्षक आले. मापं घेऊन, गुण लिहून दुपारी गेले. तीन वाजता आम्हाला आत बोलावलं. टेबलावर चोवीस जॉब मांडलेले, प्रत्येकापुढे कागदाची चिठ्ठी. माझ्या नंबरापुढच्या चिठ्ठीवर शंभरपैकी शहाण्णव लिहिले होते.

मला वाटलं चिठ्ठी चुकून सरकली. मी जॉब उचलला. पाठीवर चोवीस. अंगठ्यानं जीभ दाबली. ती आत गेली, गार पाण्यात पाय सोडावा तशी, आवाज न करता, आणि थांबली. उलटी धरली, पडली नाही. खिडकीकडे धरली, उजेड नाही.

मी जीभ बाहेर काढून खाचेत पाहिलं. मापाच्या बाजू आरशासारख्या होत्या, पण आतल्या अंगाला, जिथं परीक्षक कधी बघत नाही, तिथं कानशीच्या बारीक रेघा राहिल्या होत्या. त्या दुसऱ्या अंगाला कलत होत्या.

डाव्या हाताच्या रेघा.

मी जॉब पालथा केला. चोवीस हा आकडा नीट ठोकलेला होता, पण तो जिथं होता तिथलं लोखंड किंचित खोल गेलं होतं. आधीचा आकडा घासून काढल्याशिवाय तसं होत नाही. माझ्या खिशात गुण्या होता. मी त्याची पट्टी त्या जागेवर उभी धरली आणि मधून उजेड आला. एक केसभर धागा.

समोर दस्तगीर उभा होता. त्याच्या हातात आठ नंबरचा जॉब होता, कोपरा खाल्लेला. चिठ्ठीवर एक्कावन्न. त्यानं जीभ खाचेत घातली, हलवून पाहिली, पुन्हा हलवून पाहिली. मग त्यानं मान वर केली. माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. माझ्या हातांकडे पाहिलं. मग जॉब हळूच खाली ठेवला आणि बाहेर निघून गेला. सर फळ्यावर आमच्याकडे पाठ करून काहीतरी लिहीत होते. त्यांचा खडू मोडला.

मला सगळं कळलं असं मला वाटलं. शनिवारी तो मागे राहिला होता. शेड झाडायची पाळी त्याची होती. काहीतरी हुईल, असं तोच म्हणाला होता. त्यानं आपला नंबर घासून माझा ठोकला होता आणि माझा सैल जॉब स्वतःच्या नावावर घेतला होता. दोऱ्याला जागला होता. देणारा माणूस घेणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नसतो, असं मी मनाशी म्हटलं.

मी जॉब खाली ठेवला नाही. कुणाला काही विचारलं नाही. यादीवर सही कर म्हणाले, मी सही केली.

घरी आईला मात्र सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, चुलीपुढून उठली, दारात जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी वखारीत तिनं ओवी बांधली आणि आठवड्याभरात गल्लीतल्या सगळ्या बायांच्या तोंडी ती झाली.

लोखंडाची चोळी भावानं शिवली, बाई भावानं शिवली,
लेकीच्या कपाळीची वखार चुकवली.

दस्तगीर परत आला नाही. प्रमाणपत्र न्यायलाही नाही. मी शहराला जायच्या आदल्या गुरुवारी बाजारात गेले, आईची विळी फडक्यात गुंडाळून. तो देवळापुढच्या लिंबाखाली बसला होता, बापाच्या जागी. बाप शेजारी पोत्यावर बसून चाकाचा आवाज ऐकत होता. मी विळी पुढे केली. त्यानं ती घेतली, चाक फिरवलं, ठिणग्या उडाल्या. त्याच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता.

मी दोन दिवस ठरवलेलं वाक्य म्हटलं. “तू दिलंस ते मी जन्मात विसरणार नाही, दस्तगीर.”

चाक थांबलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ, जसं आम्ही लोखंडाकडे पाहायचो तसं.

“मी काय दिलं?” तो म्हणाला.

माझे डोळे भरून आले. इतकं देऊन वर हे म्हणणारा माणूस मी पाहिला नव्हता. त्यानं विळीची धार अंगठ्यावर पाहिली, फडक्यात गुंडाळली आणि माझ्या हातात देताना म्हणाला, “हात जप. तुझे हात लई हुशार हाईत.”

मी ते वाक्य आशीर्वादासारखं घेऊन गेले.

पुढची सव्वीस वर्षं थोडक्यात सांगण्यासारखी आहेत. मी कंपनीत शिकाऊ राहिले, मग कायम झाले, मग असेंब्ली लाइनवर सुपरवायझर झाले. आईला वखारीतून काढून आणलं. तिला माझ्याजवळ नऊ वर्षं मिळाली. शेवटी शेवटी तिला माझं नाव आठवायचं नाही, पण ती ओवी आठवायची. लग्नात, डोहाळजेवणात, कंपनीतल्या बायकांच्या हळदीकुंकवाला मी दस्तगीरची गोष्ट सांगायची. दर वेळी कुणीतरी डोळे पुसायचं. दिवाळीला मी गावी गेले की लिंबाखाली बघून यायची. कधी तो दिसायचा, कधी नाही. दिसला की मान हलवायचा. मी त्याच्या मुलीच्या लग्नाला साडी पाठवली, ती परत आली. मानी माणूस, असं मी म्हटलं. मग एका वर्षी लिंबाखाली कुणीच नव्हतं. शेजारच्या भाजीवालीनं सांगितलं, दस्तगीर उन्हाळ्यातच गेला. शेवटची चार वर्षं त्याला दिसत नव्हतं. पोरगा हाताला धरून आणायचा आणि तो नुसत्या आवाजावर धार लावायचा.

त्यानंतर दोन वर्षांनी आयटीआयचं बोलावणं आलं. आता फिटर आणि टर्नर मिळून तीसेक मुली होत्या तिथं. त्यांच्यापुढे बोलायला यावं, असं पत्र होतं. मी आदल्या दिवशी पोचले आणि पहिल्यांदा मगदूम सरांकडे गेले.

सर ऐंशीच्या पुढे होते. त्या निकालानंतर दोन महिन्यांत त्यांनी बदली मागून घेतली होती आणि निवृत्त झाल्यावरच गावी परतले होते, त्यामुळे एवढ्या वर्षांत माझी त्यांची गाठ चार-दोनदाच. पडवीत आरामखुर्चीत बसलेले. हात कापत होते. ज्या हातांनी आमच्या मनगटांना धरून कानस सरळ केली ते हात मांडीवर दोन पाखरांसारखे थरथरत होते आणि ते त्यांना दाबून धरायचा प्रयत्न करत होते. सूनबाईंनी चहा आणला. त्यांनी बशीत ओतून दिला, सरांनी दोन घोट घेतले, बाकीचा धोतरावर सांडला.

मी मुलींच्या संख्येचं सांगितलं, तेव्हा ते हसले. म्हणाले, तुझ्या पुढच्याच वर्षी तीन आल्या होत्या. प्राचार्य स्वतः मला पत्रात लिहून कळवते झाले, की तुमची ती चोवीस नंबर चांगली निघाली म्हणून दार उघडलं.

“उद्या काय बोलणार आहेस?” त्यांनी विचारलं.

“दस्तगीरचं सांगणार आहे,” मी म्हटलं. “तुम्हाला कधी सांगितलं नाही, सर. तुम्हाला माहीत नाही ते.”

आणि मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली, जशी बायकांना सांगायची तशी. उलटी धरलेली कानस, पाण्याची टाकी, झाडू. खाचेतल्या रेघा. लिंबाखालचं ‘मी काय दिलं?’ आईची ओवी मी म्हणूनच दाखवली. माझा आवाज बरा लागला होता. गोष्ट संपली तेव्हा सरांनी डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोपले.

“हे तू स्टेजवर सांगणार?”

“हो सर.”

“त्याचा पोरगा असेल तिथं. यंदा फिटरलाच आहे तो. दस्तगीरचा धाकटा.”

हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, मग तर सांगायलाच पाहिजे. बाप कसा होता ते पोराला कळू दे.

सरांनी खुर्चीच्या दोन्ही हातांना घट्ट धरलं. थरथर खुर्चीत उतरली आणि खुर्ची वाजायला लागली.

“शालन, ते सांगू नकोस.”

“का?”

“त्यानं केलं नव्हतं ते.”

रस्त्यावरून ऊस भरलेली गाडी गेली.

“शनिवारी तो झाडून साडेपाचला गेला. चावी माझ्याकडे होती. तुझा कोपरा मी बघितला होता. प्राचार्य दोन वर्षं माझ्यामागं लागले होते, की मुलगी वाया जाणार, जागा वाया गेली, पुढच्या वर्षीपासून लिहूनच टाकू नाही घ्यायची म्हणून. तू एक्कावन्नावर पडली असतीस तर त्यांनी लिहिलं असतं. आणि तुझी वखार मला माहीत होती. दस्तगीरचं काय, मला वाटलं, ह्याचा हात असा आहे, ह्याला कुठंही काम मिळेल. एक कंपनी गेली तर दुसरी. त्याला हात आहे, तुला हा एकच दिवस आहे. कुठंही मिळेल, असं मला वाटलं. तो कुठं गेलाच नाही.”

मी म्हटलं, “नंबर तुम्ही घासलात.”

“मी घासला. चारी तुकड्यांवरचे. पंच मी ठोकले.”

सव्वीस वर्षं मी एका माणसाला देणारा म्हणत आले होते. परत आलेली साडी कपाटात तशीच होती. लिंबाखालचा त्याचा चेहरा मी समोर आणायला लागले आणि तो वेगळाच यायला लागला.

“त्याला कळलं होतं?” मी विचारलं.

“लोखंड त्याच्याइतकं कुणाला कळायचं?”

“मग तो काही बोलला का नाही?”

“बोलला,” सर म्हणाले. “मंगळवारी सकाळी घरी आला माझ्या. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. म्हणाला, सर, चोवीस नंबरचा जॉब माझा आहे. आतल्या रेघा बघा, डाव्या हाताच्या हाईत. एकदा कपाटातनं काढून बघा, मी दुसरं काही मागत नाही. मी त्याला म्हणालो, निकाल लागला, आता काही होत नाही. तो गेला नाही. रडत होता. एवढा मोठा पोरगा, दाराच्या चौकटीला धरून. मग त्यानं डोळे पुसले.”

सूनबाई कपबश्या न्यायला आल्या. त्या आत गेल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दोन तासांत पहिल्यांदा.

“त्यानं मला विचारलं, शालननं बदलला का, सर?”

“आणि तुम्ही?”

त्यांच्या हातांची थरथर आता खांद्यापर्यंत चढली होती. त्यांनी ती थांबवायचा प्रयत्न सोडून दिला.

“मी ‘नाही’ म्हणालो नाही,” सर म्हणाले.